एका चौकोनात महाबळेश्वर आणि दहिवडी: हवामान मॉडेलचे आकडे तालुक्याला लावण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या गटासाठी येत्या पंचवीस-तीस वर्षांच्या हवामानावर टिपण करायचं आहे. एका जागतिक मॉडेलचा डेटा उतरवला. २०५० च्या सुमारास पाऊस किती टक्के वाढेल याचा एक आकडा निघाला, आणि नकाशावर कोयनेपासून जतपर्यंत तोच आकडा दिसतो. तो धरावा का? नसेल तर काय करावं? आणि सांगलीच्या एका कॉलेजात बऱ्यापैकी संगणक आहे, त्यावर मॉडेल स्वतःच चालवता येईल का?

आकडा खोटा नाही, पण तो जतचा नाही. तो शंभर-दीडशे किलोमीटर बाजूच्या एका चौकोनाचा आहे. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांवर असा चौकोन ठेवला की त्यात काय काय येतं ते आधी बघा. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत ९५ किलोमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशेच्या आगेमागे. एवढं लांबही जायला नको, पाचगणी घाटमाथ्यावरच आहे आणि तिथेच पाऊस निम्म्याहून खाली आलेला असतो. मॉडेलला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी या सगळ्या मुलखाला एकच उंची, एकच पाऊस, एकच तापमान. सह्याद्रीची भिंत सरासरीत विरघळते आणि एक सौम्य उंचवटा उरतो. भिंतच नसली की वाऱ्याच्या बाजूचा पाऊस कमी पडतो आणि पलीकडची पर्जन्यछायाही अर्धवट पडते. म्हणून अशा मॉडेलमध्ये घाटमाथा हमखास कोरडा निघतो आणि दुष्काळी पट्टा बऱ्याचदा आहे त्यापेक्षा ओला.

मग चौकोन लहान का करत नाहीत? खर्चामुळे. मॉडेल म्हणजे पृथ्वीभोवतीच्या हवेचे खोके. आडवे शंभरेक किलोमीटरचे, उभे तीस ते नव्वद थर, आणि खाली समुद्राचे असेच वेगळे थर. प्रत्येक खोक्यातला वारा, तापमान, दाब आणि बाष्प घ्यायचं, गती, ऊर्जा आणि वस्तुमानाची समीकरणं लावायची आणि घड्याळ दहा-वीस मिनिटांनी पुढे सरकवायचं. हे पाऊल मनाला येईल तेवढं मोठं घेता येत नाही. एका पावलात वारा एका खोक्याहून पुढे निघून गेला तर गणित फुटतं. त्यामुळे चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, पावलं दुप्पट होतात, एकूण काम आठपट. शंभर किलोमीटरवरून तीनवर यायचं तर साधारण ३७ हजार पट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्स (गणनेच्या वेगाचं माप) ताकदीचा 'अर्का' हा महासंगणक आला आणि २०२५ मध्ये ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. पण ती काही दिवसांचा अंदाज देते. शंभर वर्षं, उत्सर्जनाच्या अनेक परिस्थिती आणि प्रत्येकीच्या अनेक आवृत्त्या चालवायच्या तर त्याच ताकदीच्या यंत्रालाही जाड चौकोनच परवडतो. याच संस्थेचं आयआयटीएम-ईएसएम हे सीएमआयपी६ या जगभरच्या हवामान मॉडेलच्या आंतरराष्ट्रीय संचात गेलेलं भारताचं पहिलं मॉडेल, आणि त्याच्या वातावरणाचा चौकोन दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

दुसरी अडचण चौकोनाच्या आतली. ढग खोक्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे तो थेट सोडवता येत नाही. त्याचा एकंदर परिणाम सूत्रांनी घातला जातो, याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. ही सूत्रं घडवताना बहुतेक वेळा डोळ्यासमोर उंच गडगडाटी ढग होते. आपल्या घाटातला पावसाळी पाऊस मात्र बराचसा उथळ ढगांतून पडतो, बर्फाची फारशी मदत न घेता. २०१२ पासून महाबळेश्वरला असलेली आयआयटीएमची उच्चस्थानीय ढगभौतिकी प्रयोगशाळा आणि मांढरदेवचे रडार यांचं मोल इथे आहे: ढगातल्या थेंबांची मोजमापं मिळाल्याशिवाय ही सूत्रं सुधारत नाहीत.

आता आकडा वापरायचा कसा.

पहिली गोष्ट, मॉडेलची किंमत घेऊ नका, बदल घ्या. समजा मॉडेल म्हणतं की १९९५–२०१४ या काळात सप्टेंबरात दिवसाला सरासरी ४.० मिमी पाऊस पडला आणि २०४१–२०६० मध्ये ४.४ मिमी पडेल. जतच्या पर्जन्यमापकावर सप्टेंबरची सरासरी समजा १३० मिमी आहे. तर उत्तर '४.४ गुणिले ३० म्हणजे १३२' असं नाही. उत्तर १३० च्या १.१ पट, १४३. मॉडेलचा १३२ आणि मापकाचा १३० जवळ आले म्हणून हुरळून जाऊ नका, चौकोनाच्या सरासरीत घाटाचा थोडा पाऊस मिसळून तो योगायोग झालेला असतो. तापमानाला गुणाकार न करता बेरीज करायची: मॉडेलमध्ये मे महिन्याचं कमाल तापमान १.४ अंशांनी वाढलं तर मापकाच्या आकड्यात १.४ मिळवा.

गुणाकाराची पद्धत जानेवारी ते एप्रिल बिलकुल लावू नका. या महिन्यांत जतला पाऊस जवळपास नसतोच. मॉडेलचे २ मिमी वाढून ६ झाले की 'अवकाळी पाऊस तिप्पट' अशी बातमी तयार होते, आणि बेदाणा शेडवाल्यांची झोप उडते. अशा महिन्यांत फरक मिलिमीटरमध्येच सांगा, टक्के काढूच नका.

दुसरी गोष्ट, आणि प्रकल्प-अहवालांमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक: मॉडेलचं २००३ साल म्हणजे आपलं २००३ साल नव्हे. सीएमआयपी६ मध्ये १८५० ते २०१४ हा भाग ऐतिहासिक असतो. त्यात हरितगृह वायू, सूर्य, ज्वालामुखी आणि धूलिकण खरे घातलेले असतात, पण समुद्राला मोकळं सोडलेलं असतं. त्याचे एल निनो त्याच्या मनाला येतील त्या वर्षी येतात. विद्यार्थी मॉडेलचा वर्षनिहाय पाऊस आणि मापकाचा वर्षनिहाय पाऊस शेजारी ठेवतात, सहसंबंध शून्याजवळ निघतो, आणि 'हे मॉडेल आपल्या भागासाठी अयोग्य' असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. तो शून्यच यायला हवा. तपासायचं ते तीस वर्षांचं वागणं: जूनचा चढ कधी येतो, जुलै आणि सप्टेंबरचं प्रमाण काय, किती दिवस कोरडे जातात, ओल्या आणि कोरड्या वर्षांत किती फरक पडतो. पूर्व सांगलीला सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस महत्त्वाचा, तर घाटाला जुलै. मॉडेलमध्ये जतचा वार्षिक आलेख महाबळेश्वरसारखा एकाच जुलैच्या शिखराचा दिसत असेल तर त्या चौकोनावर घाटाची छाप आहे. शक्य असल्यास एक चौकोन पूर्वेकडचा घेऊन पाहा.

डेटा उतरवताना काय काय बिघडतं ते एकदा सांगून ठेवतो. पावसाचं एकक मिलिमीटर नसतं, चौरस मीटरला प्रतिसेकंद किलोग्रॅम असतं; ८६,४०० ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा. कॅलेंडर तर खास तपासा. काही मॉडेलना लीप वर्ष नसतं, आणि ब्रिटनच्या यूकेईएसएमसारख्यांना वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना तीसचा. त्यात ३० फेब्रुवारी येतो आणि ३१ जुलै येत नाही. एक्सेलमध्ये तारखा ओढून भरल्या की शंभर वर्षांत मोसम महिनोन्‌महिने सरकतो, आणि मान्सून उलट्या दिशेने गेल्याचा भास होतो. तारीख फाइलमधूनच वाचणारं साधन वापरा. सीडीओ किंवा पायथनचं एक्सअरे दोन्ही हे नीट करतात. पूर्ण पृथ्वीचा रोजचा पाऊस, एक मॉडेल, एक परिस्थिती, २०१५ ते २१००, एक अंशाच्या ग्रिडवर (चौकोनांच्या जाळीवर) धरला तर दाबल्याशिवाय ८ जीबीच्या आसपास होतो. पूर्व रेखांश ७२ ते ७७ आणि उत्तर अक्षांश १५ ते २० एवढाच तुकडा कापून ठेवा, मग साधा लॅपटॉप पुरतो. दुसऱ्या ग्रिडवर नेताना पाऊस क्षेत्रफळ राखणाऱ्या पद्धतीने न्यायचा आणि तापमान साध्या द्विरेषीय पद्धतीने, म्हणजे शेजारच्या चार बिंदूंची अंतरानुसार सरासरी घेऊन. पावसाला द्विरेषीय लावलं की मोठे आकडे घासले जातात.

मापकांच्या बाजूनेही सगळं सरळ नाही. हवामान विभागाचा पाव अंशाचा ग्रिड-पाऊस १९०१ पासून मिळतो. फाइल बायनरी असते, एका दिवसाला १३५ गुणिले १२९ आकडे, सुरुवात ६६.५ पूर्व आणि ६.५ उत्तर इथून, नसलेली नोंद म्हणजे उणे ९९९. ते उणे ९९९ सरासरीत गेले की काय होतं ते सांगायला नको. तापमानाचा ग्रिड वेगळा, एक अंशाचा, ३१ गुणिले ३१, आणि तिथे नसलेली नोंद ९९.९. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, मॉडेलचा दिवस ग्रीनिच मध्यरात्रीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. आकडेवारीच्या तुलनेत याने फार बिघडत नाही, पण एखाद्या ठरावीक अतिवृष्टीची तारीख जुळवायला गेलात तर पाऊस एक दिवस सरकलेला दिसेल.

आणि पाव अंश म्हणजे बारीक असा समज करून घेऊ नका. या ग्रिडच्या ७३.७५ पूर्व, १८ उत्तर या बिंदूचा चौकोन पाहा: महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही त्यातच. मापकांमधल्या जागा अंतराला वजन देऊन भरलेल्या आहेत. मधे डोंगर आहे की पठार, हे त्या सूत्राला ठाऊक नाही. जत, आटपाडी, खानापूर या सपाट मुलखात हा ग्रिड निर्धास्त वापरा. पाटण, जावळी, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे मात्र मापकाचीच मूळ नोंद घ्या. महावेध या राज्यातल्या हवामान केंद्रांच्या जाळ्याची मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रं आता गावाच्या जवळ आहेत, पण त्यांची नोंद अजून तीस वर्षांची नाही. ती पडताळणीला वापरा, पायाला नको. जुन्या वहीतल्या नोंदीत रविवारी शून्य आणि सोमवारी मोठा आकडा असं वारंवार दिसलं तर तो दोन दिवसांचा एकत्र पाऊस आहे. आठवड्याच्या वारानुसार सरासरी काढली की हे लगेच उघडं पडतं.

बदलाची साधी पद्धत महिन्याच्या सरासरीला पुरते. बागायतदाराला मात्र सरासरीशी देणंघेणं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (नवी फूट) ते फुलोरा या काळात सलग किती दिवस पानं ओली राहिली, यावर त्याचा डाऊनीचा (केवडा रोगाचा) आणि घडकुजीचा खर्च ठरतो. त्यासाठी रोजचा पाऊस लागतो, आणि रोजच्या पावसात मॉडेलचा जुना रोग दिसतो: रोज थोडं थोडं भुरभुरत राहणं. मापकावर जुलैत दहा दिवस पाऊस असेल तर मॉडेलमध्ये पंचवीस दिवस असतो, आणि खरा मोठा पाऊस कधी पडतच नाही. यावर विभाजन-जुळणी लावतात, इंग्रजी नाव क्वांटाइल मॅपिंग. करायचं असं:

मापक आणि मॉडेल, दोन्हींची १९८५–२०१४ ही तीस वर्षं घ्या. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी मागचे पंधरा आणि पुढचे पंधरा दिवस धरून ३१ दिवसांची खिडकी करा, म्हणजे एका दिवसासाठी सुमारे ९३० आकडे मिळतील. मापकात १ मिमीच्या वरचे दिवस किती टक्के ते काढा. मॉडेलमध्ये तेवढेच टक्के दिवस ओले उरतील अशी सीमा शोधा. समजा ती ४.२ मिमी निघाली, तर त्याखालचं सगळं शून्य. मग उरलेले आकडे दोन्हीकडे चढत्या क्रमाने लावा आणि मॉडेलच्या नव्वदाव्या शतमानाच्या (ज्याच्या खाली शंभरातले नव्वद आकडे येतात त्याच्या) जागी मापकाचं नव्वदावं शतमान ठेवा, असं प्रत्येक पायरीला. भविष्यासाठी नुसतं हेच कोष्टक वापरलं तर मॉडेलने सांगितलेला बदल कधी फुगतो, कधी आटतो. म्हणून प्रत्येक शतमानावरचा बदल आधी बाजूला काढून नंतर परत लावणारी पद्धत घ्या, तिला क्वांटाइल डेल्टा मॅपिंग म्हणतात. पायथन आणि आर दोन्हींत ती तयार मिळते. कोष्टकाच्या वरच्या टोकापलीकडे, म्हणजे तीस वर्षांत कधी न पडलेल्या पावसाला, शेवटचाच गुणक लावा. तिथे वक्र पुढे ताणला की एका दिवसात ९०० मिमी असले आकडे जतला पडायला लागतात.

पडताळणी वेगळ्या वर्षांवर करा: १९८५–२००० वर बसवा, २००१–२०१४ वर तपासा. ज्यावर बसवलं त्याच वर्षांवर तपासलं तर जुळणारच, त्यात कौतुक नाही. आणि सरासरी न बघता सलग ओल्या दिवसांची लांबी बघा. ही पद्धत रोजचे आकडे सुधारते, दिवसांचा क्रम सुधारत नाही. मॉडेलमध्ये पाऊस आठ-आठ दिवस रेंगाळत असेल तर दुरुस्तीनंतरही त्याचा काही अंश उरतो, आणि नेमका तोच तुमचा डाऊनीचा निकष आहे. हा दोष शिल्लक असेल तर टिपणात 'सलग ओले दिवस' हा निर्देशांक घेऊ नका, 'ऑक्टोबर १५ ते नोव्हेंबर ३० मधले २.५ मिमीच्या वरचे दिवस' एवढ्यावर थांबा.

बरेच जण हा खटाटोप टाळून तयार बारीक डेटा घेतात. नासाचा नेक्स-जीडीडीपी-सीएमआयपी६ हा पाव अंशाचा आहे, आयआयटी गांधीनगरचा दक्षिण आशियासाठी १३ मॉडेलचा संच आहे. दोन्ही उपयोगी. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यांच्या नकाशात जो बारीक तपशील दिसतो, घाट ओला आणि माण कोरडा, तो जुन्या निरीक्षणांतून आलेला असतो. बदल मात्र त्याच जाड चौकोनाचा, बारीक नकाशावर पसरलेला. 'वाळव्यात ९ टक्के आणि पलूसला ११ टक्के' असा फरक दिसला तर त्यावर तालुक्यांची क्रमवारी लावू नका. भौतिकशास्त्राने काढलेला जास्त बारीक बदल हवा असेल तर कॉर्डेक्स दक्षिण आशियाचे प्रादेशिक मॉडेल (पृथ्वीच्या एकाच भागापुरते, बारीक चौकोनांचे) घ्या, त्यांतले काही २५ किलोमीटरचे आहेत. सह्याद्री त्यांत बुटका असला तरी असतो.

किती मॉडेल घ्यावीत? एक तर नक्कीच नाही. आठ-दहा घ्या, आणि एकाच घराण्यातली दोन-दोन घेऊ नका. यूकेईएसएम आणि हॅडजीईएम३ ही सख्खी भावंडं आहेत, सीईएसएम२ आणि नॉरईएसएम२ चं वातावरणही बरंचसं एकाच कोडचं. त्यांचं एकमत म्हणजे एकाच माणसाने दोनदा हात वर करणं. काही सीएमआयपी६ मॉडेल जास्त तापणारीही आहेत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी किती तापेल याची आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या सहाव्या अहवालातली संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश आहे. कॅनईएसएम५ आणि यूकेईएसएम१ पाचाच्या वर जातात. त्यांना टाकून देण्यापेक्षा 'जग २ अंशांनी तापलेलं असताना' असा काळ प्रत्येक मॉडेलमधून वेगळा काढा आणि त्या वीस वर्षांचा पाऊस तपासा. मग तापण्याच्या घाईचा दोष बाजूला पडतो. परिस्थिती दोन पुरेत, मध्यम उत्सर्जनाची एसएसपी२-४.५ आणि जास्त उत्सर्जनाची एसएसपी५-८.५. दुसरी वरच्या टोकाची आहे, तिला 'असंच चालू राहिलं तर' असं नाव देऊ नका. २०५० पर्यंत दोन्हींतला फरक तसा कमीच असतो. त्या काळात मॉडेलामॉडेलांतला फरक आणि निसर्गाची स्वतःची वर-खाली जास्त भारी पडते.

बागायतदार एक प्रश्न हमखास विचारतील: पाऊस वाढणार म्हणता, पण घाटातला तर कमी झालाय असं वाचलं. दोन्ही बरोबर आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यमापनात १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं आहे, आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाट आहे. त्या काळात धुराचे आणि गंधकाचे कण जमिनीला थंड ठेवत होते, मान्सूनचा जोर त्याने कमी होतो. पुढे हरितगृह वायूंचा प्रभाव वरचढ होतो. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणून मोठ्या पावसाचे दिवस आणखी मोठे होण्याबाबत मॉडेलमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे. हंगामाच्या बेरजेबाबत तेवढं नाही, आणि जतसारख्या पर्जन्यछायेत तर त्याहून कमी. तापमानाबाबत मात्र सगळी एका दिशेला आहेत. टिपणात विश्वासाचा हाच क्रम ठेवा: आधी तापमान, मग मोठा पाऊस, मग हंगामाची बेरीज, आणि परतीचा पाऊस सगळ्यांत शेवटी. दुर्दैवाने द्राक्षाचं सगळ्यात जास्त अडतं ते या शेवटच्यापाशीच. तिथे आठ-दहा मॉडेलचा पूर्ण पल्ला छापा, सरासरी नको. पाच मॉडेल वर आणि पाच खाली असतील तर सरासरी शून्य येते आणि वाचणारा 'काही बदल नाही' असं समजतो.

आता स्वतः मॉडेल चालवण्याबद्दल. जागतिक मॉडेल कॉलेजच्या यंत्रावर विसरा. प्रादेशिक मॉडेल डब्ल्यूआरएफ मात्र फुकट मिळतं आणि त्यावर आपल्या कामाचा एक प्रयोग होण्यासारखा आहे: घडून गेलेला पूर तापलेल्या जगात पुन्हा घडवणं. ऑगस्ट २०१९ चे दहा दिवस घ्या, ज्यात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. किंवा जुलै २०२१, ज्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ५९४ मिमी पडला. सीमेवरची हवा युरोपच्या ईआरए५ या मागच्या हवामानाच्या डेटासंचातून घ्या, ती दर तासाची, साधारण ३१ किलोमीटरची आहे. एकदा जशीच्या तशी चालवा. मग सीएमआयपी६ च्या आठ-दहा मॉडेलमधून त्या महिन्याचा तापमानाचा आणि समुद्रपृष्ठाचा बदल काढा, तो ईआरए५ वर चढवा, सापेक्ष आर्द्रता तीच ठेवा आणि दुसऱ्यांदा चालवा. दोन्हींतला फरक म्हणजे तापण्याचा वाटा.

आखणी एकात एक बसणाऱ्या तीन घरांची, चौकोन २७, ९ आणि ३ किलोमीटरचे. आतलं घर ४०० किलोमीटर बाजूचं, म्हणजे सुमारे १३३ गुणिले १३३ बिंदू, ४५ थर. पश्चिमेची कड अरबी समुद्रात बरीच आत न्या. कड घाटावर किंवा कोकणपट्टीवर आली की सीमेच्या पट्ट्यात वारा उभा चढतो आणि खोटा पाऊस ओतला जातो. ३ किलोमीटरच्या घरात ढगांचं संवहन-सूत्र (वर सांगितलेलं पॅरामीटरायझेशन) बंद ठेवा, बाहेरच्या दोन्हींत चालू. वेळेचं पाऊल नेहमीच्या नियमाने चौकोनाच्या किलोमीटरच्या सहापट सेकंद, पण सह्याद्रीच्या कड्याला ते टिकत नाही, पाचपट किंवा चौपट घ्या. १५ सेकंदांनी दहा दिवसांची ५७,६०० पावलं होतात. ३२ कोअरच्या वर्कस्टेशनवर हे दिवसभराच्या आतबाहेर उरकावं. तीस वर्षांसाठी तेच सुमारे १,१०० पट, म्हणजे तो विचार सोडा.

तीन ठिकाणी हमखास फसतं. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातल्या पाण्याला मॉडेल जवळच्या समुद्राचं तापमान देऊन बसतं, आणि कोयनेच्या खोऱ्यात अरबी समुद्राएवढा उबदार जलाशय तयार होतो. त्यासाठी सरोवरांना सरासरी पृष्ठतापमान देणारा छोटा प्रोग्राम आधी चालवायचा. जमिनीच्या वापराच्या नकाशात बागायती ऊस बहुधा साधी पिकाऊ जमीन म्हणून असतो, म्हणून वाळवा-पलूसची संध्याकाळची आर्द्रता कमी निघते. आणि महाबळेश्वरचा 'सर्वांत जवळचा बिंदू' घेतलात तर तो पठारावर पडेलच असं नाही. एका चौकोनाच्या फरकाने तो सावित्रीच्या किंवा कोयनेच्या दरीत जातो. मॉडेलमधली त्या बिंदूची उंची छापून बघा. गावाची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. मॉडेलचा बिंदू ५०० मीटरने खाली असेल तर नुसत्या उंचीमुळे तापमान सव्वातीन अंशांनी चुकतं, आणि पाऊस तर दुसऱ्याच गावाचा असतो.

पहिल्या धावेचा पाऊस कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन केंद्रांशी ताडून बघा, त्यांचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. तिन्हींचा क्रम आणि दहा दिवसांची बेरीज पाव हिस्सा इकडे-तिकडे जुळली तरच दुसरी धाव करा. त्यातून निघालेला पाऊस थेट आयर्विनच्या फुटांत बदलू नका. पुलापाशी येणारी पातळी कोयनेच्या १०५ टीएमसीच्या आणि वारणेच्या ३४ टीएमसीच्या धरणांचे दरवाजे कधी किती उघडले, हरिपूरला वारणा कोणत्या तासाला भेटली आणि खाली अलमट्टी किती भरलेलं होतं यावर ठरते. त्यासाठी खोऱ्याचं वेगळं जलशास्त्रीय मॉडेल आणि दरवाजांची तासवार नोंद लागते. ती नोंद हाती नसेल तर निकाल 'कोयना आणि वारणा पाणलोटात दहा दिवसांची बेरीज इतक्या टक्क्यांनी जास्त' इथवरच लिहा.